फोटोसाठी बसलेले गुलाबराव

चित्र आहे, आवाज आहे.

"सिस्टर, स्क्रीन अडकली," शहरातल्या समता कॉलनीतल्या हॉस्पिटलातून डॉक्टर भार्गव म्हणाले.

दीक्षानं टॅबपुढं हात हलवला. "अडकली नाही सर. पेशंट फोटोसाठी बसलाय."

उरला औद्योगिक वसाहतीच्या पुढं, कारखान्यांची धूळ संपते तिथल्या या आरोग्य केंद्रात आज दीक्षा एकटीच नर्स होती. डॉक्टर असायचे ते टॅबमध्ये. खाटेवर गुलाबराव. रोलिंग मिलमधून रिटायर झाल्यावर त्यांनी भाजी लावली होती. आज भेंडी तोडताना पायाला नाग चावला. फणा त्यांनी स्वतः पाहिला. तरी कॅमेरा समोर येताच छाती पुढं, डोळे वटारलेले, श्वास बंद.

"श्वास घ्या हो!" मीराबाईंनी नवऱ्याला ढोसलं.

"डॉक्टरसाहेब पाहून राहिले ना," गुलाबराव ओठ न हलवता म्हणाले. "मले काही झालं नाही. पाय ठणकून राहिला, बस."

काही झालंय की नाही, तेच तर ठरवायचं होतं. विष भिनू लागलं की आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो. तसं असेल तर प्रतिविष लगेच हवं. नसेल तर उगाच द्यायचं नाही, त्याचीही कधी कधी जिवावरची रिॲक्शन येते. दीक्षानं सलाईन लावून सगळं तयार ठेवलं होतं.

"पापण्यांवर नजर ठेवा सिस्टर. त्या जरा जरी—"

चित्र आहे, आवाज नाही.

डॉक्टर उघड्या तोंडानं थिजले. दीक्षानं टॅब खिडकीशी नेला, डोक्यावर धरला, परत आणला. तोंड उघडंच.

"घ्या, आता डॉक्टरच फोटोले बसले," मीराबाई म्हणाल्या.

गुलाबराव हसले नाहीत. हललेही नाहीत.

"तुमचा फोटो झाला. हाला आता!"

"बसू द्या मावशी," दीक्षा टॅबशी झटत म्हणाली.

"काहून बसू द्या? फोटोत हे डोळे वटारतात, पोरी. आमच्या लग्नाच्या फोटोत भूत पाहिल्यावानी दिसतात. अन् आता पाह्य, पेंगून राहिले!"

दीक्षा वाकली. पापण्या निम्म्यावर आल्या होत्या.

"काका, डोळे उघडा. मोठ्ठे."

गुलाबरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर चढवल्या. पापण्या तिथंच.

चित्र नाही, आवाज आहे.

"...ऐकू येतंय? मला दिसत काहीच नाही. तुम्ही सांगा."

आजवर ती टॅब धरायची, पाहायचे डॉक्टर.

"पापण्या पडल्या सर. जोर लावूनही उघडत नाहीत."

"नक्की?"

तिनं मीराबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, "हव."

"नक्की."

"चालू करा. मी लाइन सोडत नाही. ॲम्ब्युलन्स पाठवतोय."

तिनं प्रतिविष चालू केलं. मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती गुलाबरावांच्या छातीकडं बघत बसली, आणि मीराबाई त्यांच्या पापण्यांकडं.

चित्र आहे, आवाज आहे.

दोन दिवसांनी टॅब वाजला. स्क्रीनवर समता कॉलनीतल्या हॉस्पिटलातला पलंग, त्यावर गुलाबराव. ताठ. दगडासारखे.

दीक्षाचा हात आपोआप टॅबपुढं हलला. मग तिनं डोळे पाहिले: भूत पाहिल्यासारखे वटारलेले.

ती हसायला लागली, तोवर पलीकडून, चित्राबाहेरून आवाज आला—

"श्वास घ्या हो!"