उद्याच्या चौकोनातली अमावस्या

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सोलापुरातल्या दुकानांतल्या आणि यंत्रमाग कारखान्यांतल्या संगणकांवर, पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी दिनदर्शिका अपडेट झाली. हे अपडेट सात रस्त्यावरच्या एका खोलीच्या ऑफिसातून जाते. त्या दिवशी तिथून काहीही गेले नव्हते.

पहिला फोन चादरीच्या कारखान्याचे मालक शिवशरण यांचा.

"वहिनी, उद्या कुठली अमावस्या काढली? गेल्या आठवड्यात तर झाली की! नवा माग बसवायचाय, आन् मेस्त्री पडद्याकडं बोट दाखवून हात बांधून बसलाय."

ऑफिसात बसलेल्या राजेश्वरीने स्वतःच्या पडद्यावर पाहिले. उद्याच्या चौकोनात काळा ठिपका होता.

ही खोड बसूची, तिच्या नवऱ्याची. दिनदर्शिका त्यानेच बनवली होती. अपडेट नीट बसते का हे तपासायला तो हाताने उद्याच्या तारखेवर खोटी अमावस्या टाकायचा, कारण इथे ती कुणाच्या नजरेतून सुटत नाही. गिऱ्हाइकांकडे सोडण्याआधी पुसून टाकायचा. जूनमध्ये तो लॅपटॉप घेऊन मंगळवेढ्याच्या एसटीत बसला. तिथे उतरताना त्याला कुणी पाहिले नाही. पोलिसांत तक्रार आहे. आता दिवाळीही होऊन गेली.

थोरले दीर सिद्धलिंगप्पा जिना चढून आले ते घाम पुसतच.

"चोरानं लॅपटॉप उघडला असंल. कायतरी दाबलं, गेलं."

"मग ठिपका जूनच्या तारखेवर असता, भाऊजी. उद्यावर कसा?"

"मला त्यातलं काय कळतंय? पासवर्ड बदल. गिऱ्हाईक तुटायच्या आत बदल."

पासवर्ड बदलला की त्या लॅपटॉपवरून पुन्हा काही येणार नव्हते. तो ज्याच्या हातात असेल त्याच्याकडून, कधीच. राजेश्वरीने ठिपका पुसून दुरुस्ती पाठवली. पासवर्डला हात लावला नाही.

चहा संपायच्या आत ठिपका परत त्याच जागी आला.

सिद्धलिंगप्पांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको."

राजेश्वरीने उद्याचा चौकोन उघडला. आता ती जे लिहील ते सगळ्या बाजारात दिसणार होते. नवऱ्याचे नाव ती चारचौघांत कधी घेत नसे, तेव्हाही घेतले नाही. 'अहो, कुठं आहात?' एवढेच लिहिले आणि गिऱ्हाइकांकडे सोडले.

शिवशरण यांचा हसतच लगेच फोन आला.

"वहिनी, हे काय चाललंय? आमची मंडळी काउंटरवर बसलीया. विचारतीया, ही कोण बाई तुमाला 'अहो' म्हणतीया!"

"तुम्हाला नाही, शिवशरणअण्णा."

पलीकडे हसणे थांबले. "बसूनं केलंय व्हय हे?" त्यांनी विचारले. "असू द्या," ते लगेच म्हणाले. "मेस्त्रीला मी परवा बोलावतो."

दुपारभर काही बदलले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी आणखी एक अपडेट आले. ऑफिसातून ते गेलेले नाही. ठिपका आता नाही. राजेश्वरीचा प्रश्नही पुसलेला आहे. उद्याचा चौकोन कोरा आहे. पासवर्ड अजून बदललेला नाही.