सैल ठेवा हो, सैल

टेलरमास्तरांनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहराच पडला.

"अगं, टेप कुठाय?"

"ही काय!" मास्तरीणबाईंनी पिवळी, इंचांच्या खुणांची टेप पुढे केली.

"ही माप घ्यायची! मी वाजवायची म्हणत होतो!"

"कात्रीशेजारची टेप घे म्हणालात. टेलरच्या घरात कात्रीशेजारी दुसरं काय असतं हो?"

गेला महिनाभर कापायच्या टेबलावर मास्तरांचे दोन टेपरेकॉर्डर ठाण मांडून होते आणि बाई जमिनीवर बसून कापड कापत होत्या. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मास्तरांनीच शब्द दिला होता, "कार्यक्रमातून एक जरी माणूस मध्येच उठून गेला, तर यंत्रं विकून टाकतो. टेबल तुझं." बाई तेव्हा मनातून सुखावल्या होत्या. पण आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या भरलेल्या, आणि समोर गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून आपला माणूस एकटा उभा. बाईंनी डोळे मिटले. देवा, टेबलाचं राहू दे, याची लाज राख.

मास्तर एकटेच वाजवायचे, पण एकटे वाटायचे नाहीत. टेपच्या तुकड्याची दोन टोकं चिकटवून त्याचं कडं करायचं, ते दोन्ही यंत्रांतून फिरवायचं. एका यंत्रात सूर शिरला की थोड्या वेळाने दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि कडं फिरतंय तोवर पुन्हा पुन्हा येतच राहतो. जुनं पुसू नये म्हणून पुसणारा भाग त्यांनी काढूनच टाकला होता. सुरावर सूर चढत जातो. जसं भजनात पुढचा एक ओळ म्हणतो आणि मागचे सगळे ती उचलून धरतात.

कोरी टेप घरीच राहिली होती, पण यंत्रावर एक जुनं रीळ होतं. मास्तरांनी त्यातला तुकडा कापला, चिकटवला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

गिटारीची पहिली तार झणझणली. आणि तिच्या पाठोपाठ मास्तरीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "पोट शेहेचाळीस! ग्रंथपालसाहेबांना सैल ठेवा हो, सैल!"

बाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तरांनी दुकानात याच रिळावर माइक तपासला, तेव्हा आपण मापं सांगत होतो! आणि ग्रंथपाल पहिल्याच रांगेत, नव्या कोटात.

"शेहेचाळीस! सैल ठेवा हो, सैल!" कडं फिरतच राहिलं. थांबवावं तर कार्यक्रम संपला. मास्तरांनी दात आवळून त्या आवाजावरच ठेका धरला. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, कुणी टाळी धरली, आणि पाहता पाहता अख्खी खोली गाऊ लागली, "सैल ठेवा हो, सैल!"

ग्रंथपाल उठले. लाल झालेले. कुणाकडे न बघता दाराबाहेर गेले.

मास्तरांची बोटं अडखळली. तशा बाई उभ्या राहिल्या आणि स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळून मोठ्याने म्हणाल्या, "सैल!" मास्तरांनी पुन्हा तार छेडली.

इतक्यात दार धाडकन उघडलं. ग्रंथपाल खाली वाचनालयात थांबलेल्या बायकोला हाताला धरून ओढत आणत होते.

"ऐक! घरी तू एकटीच माझ्या पोटाच्या मागे असतेस. इथे बघ, सगळा गाव लागलाय!"

"मी सांगते तेव्हा हसता का असे?" ती म्हणाली, आणि नवऱ्याची खुर्ची पटकावून टाळ्या वाजवू लागली. साहेब शेवटपर्यंत उभेच, पोट हलवत.

यंत्रं आवरताना मास्तर मान खाली घालून म्हणाले, "एक माणूस उठून गेला होता. शब्द म्हणजे शब्द."

"गेला कुठे? बायकोला घेऊन आला. एकाचे दोन झाले," बाई म्हणाल्या. "यंत्रं राहू देत टेबलावर. उद्यापासून जमिनीवर बसून तुम्ही कापा."