हळदीचा डाग

सकाळी साडेसातला नीराबाईंनी पाहुण्याचा पांढरा कुर्ता थोरल्या सुनेला न देता धाकटीच्या हातात दिला.

थोरली, नूतन, चुलीपाशी खोबरं खवत होती. तिचा हात थांबला.

कुर्त्यावर छातीशी रात्रीच्या सुरमईच्या कालवणाचा तळहाताएवढा डाग होता. पाहुण्याच्या भावाचा माणगावात साखरपुडा, अकराला निघायचं. दिवेआगरातल्या या वाडीत पाहुणे उतरू लागल्याला नऊ वर्षं झाली. तेवढी वर्षं केळीचा चीक असो की कोकमाचा रस, डाग नूतनच काढत आली. शेजारणीही कपडे तिच्याकडेच आणायच्या. कल्पिता तर मे महिन्यात लग्न होऊन आलेली.

विहिरीवर कल्पिताने आधी साबण चोळला. हळदीला साबण लागला की काय होतं, ते नूतनला ठाऊक होतं. ती खोबरं खवत राहिली.

"ताई, अहो, हा लाल झाला!"

"माणगावचा साबण आणायचास की गो माहेरून," नूतन आतूनच म्हणाली. "तिकडे सगळंच भारी मिळतं ना!"

कल्पिता हसली. तिचं ते हसणंच नूतनला सोसवेना. सासूबाईही हल्ली ते ऐकून हसायच्या.

"लिंबू हाय का बघ टोपलीत," नीराबाई ओटीवरून म्हणाल्या.

टोपलीत एकच लिंबू होतं. नूतनने ते चिरलं, एक फोड धाकटीला दिली आणि दुसरी वाटीखाली झाकली. "एवढंच आहे," ती म्हणाली.

लिंबू पिळताच लाल जाऊन पुन्हा पिवळा आला. कल्पिताने कुर्ता धुऊन विहिरीजवळच्या दोरीवर ओलाच टाकला. तिथे तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि हळदीचा पिवळा ओल्या कपड्यावरून उन्हानेच उडतो.

पण सुपारीच्या वाडीत ऊन एका जागी बसत नाही. वादळात मोडलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपं आता डोक्यावर गेली होती. नऊ वाजले की दोरीवरचं ऊन उठायचं आणि पंपाजवळच्या कातळावर जायचं. नूतन कपड्यांना त्याच्या मागोमाग फिरवायची. हे तिने कल्पिताला कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

नऊला दोरीवर सावली आली. कल्पिता आत पाहुण्यांची घावनं काढत होती. नूतनने खिडकीतून दोनदा पाहिलं. साडेनऊला राहवेना म्हणून बाहेर गेली, तर दोरी रिकामी.

कुर्ता कातळावर उन्हात पसरलेला होता. शेजारी नीराबाई त्यावर तांब्याने पाणी शिंपडत होत्या.

"तू सांगशील तिला म्हणून वाट बघितली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "न्हाय सांगितलंस."

"मला कुणी विचारलं?"

"तुला इचारायला लागतं व्हय, या घरात?"

नूतनने तांब्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत सासूबाईंनी तिच्यासाठी असा कातळावर तांब्या धरलेला तिला आठवत नव्हता.

साडेदहाला कल्पिता धावत आली. "ताई, थोडासाच राहिलाय. अजून एक फोड असती तर गेला असता हो! शेजारी बघून येऊ का?"

नूतन स्वयंपाकघरात गेली. वाटी उचलली, फोड घेतली आणि दारातच थांबली.

पावणेअकराला पाहुण्याने अंगणातून कुर्त्यासाठी हाक मारली. डाग पावट्याएवढा उरला होता, आणि लिंबाची फोड अजून नूतनच्या मुठीत होती.