बंद मशीनने छापलेला कागद

साहेब, सहा वर्षं तुम्ही लोकांशी खोटं बोललात. तुमच्या कचेरीच्या दारावर नोटीस होती: ‘झेरॉक्स मशीन बंद आहे. प्रती बाहेरून काढून आणाव्यात.’ म्हातारीकोतारी माणसं एका कागदापायी तीन जिने उतरली, धापा टाकत पुन्हा चढली. तुम्ही पंख्याखाली बसून पेनाची टोपणं चावलीत. तुमचं बिंग फोडलं ते समोरच्या झेरॉक्सवाल्या वहिनीने. कसं, ते ऐकाच.

कचेरीसमोरच्या गाळ्यात वहिनीचं दुकान. तिची मशीन आठ दिवसांपूर्वी कायमची बसली. ती घेताना वहिनीने फक्त एक झकास प्रत पाहिली होती. नुसता फोटो बघून सोयरीक जमवावी, तसा प्रकार. दुकानात आल्यावर मशीनने रोज एक नवं दुखणं काढलं. आता पुन्हा जुनीच घ्यायची होती, आणि हीसुद्धा फसली तर गाळ्याला कुलूप.

म्हणून ती जुन्या मशिनींच्या गोदामात गेली, ती पदर खोचूनच. सोबत धाकटा दीर. लेथवर काम करणारा, हाताने हुशार, जिभेने उतावळा.

“वहिनी, ही बघा! काय चमकतेय!”

“चमकतंय ते फडकं मारलंय म्हणून, भावजी. तुम्ही जरा गप्प राहा, नाहीतर शेठ भाव चढवतील.”

गोदामवाला हसला. “ताई, डॉक्टरांची मशीन आहे. दिवसाला एखादी चिठ्ठी, बस्स. ही घ्या प्रत.”

“प्रत ठेवा. आधी मीटरचा कागद काढा.”

कागद निघाला. सहा वर्षांत एकूण प्रती एकवीसशे. दिराचे डोळे चमकले. वहिनीचे बारीक झाले. एवढ्या प्रती तिच्या दुकानात तीन दिवसांत निघायच्या.

“शेठ, मीटर मागे फिरवता येतो, हे मला ठाऊक आहे.”

“आईची शपथ, ताई!”

“आईला कशाला गोदामात आणता? टॉर्च द्या.”

तिने कागद ओढणारी रबरं बोटाने चाचपली. मीटरला खोटं बोलायला शिकवता येतं, रबराला नाही. रबरावर धूळ होती, पण खाचा जशाच्या तशा. काचेवर एक ओरखडा नाही. मग तिने पूर्ण काळा कागद काढला, पांढरी रेघ दिसतेय का ते पाहायला. नंतर कोरा काढला, काळी रेघ शोधायला. शाई कुठे मिळते ते विचारलं. कुठल्या मशिनी इथे दुरुस्त होतात, ते ती आदल्या दिवशीच मिस्त्रीला विचारून आली होती.

“सोयरीक जमवताय की मशीन घेताय?” गोदामवाला वैतागला.

“सोयरीक मोडता तरी येते. आता पन्नास प्रती, दोन्ही बाजूंनी, एका दमात.”

दुसऱ्याच प्रतीला मशीन करकरली आणि थांबली. गोदामवाल्याचा चेहरा पडला. “बघितलंत? उगाच छळलंत तिला!”

दिराने बाजूचं झाकण उघडलं आणि आतून घड्या पडलेला एक पिवळा कागद अलगद ओढला. वहिनीने तो सरळ केला, वाचला, आणि मटकन खोक्यावर बसली. दीर घाबरला. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

‘झेरॉक्स मशीन बंद आहे. प्रती बाहेरून काढून आणाव्यात.’ खाली कचेरीचा शिक्का, कोपऱ्यात शाईचा तोच डाग. दारावरची नोटीस जुनी झाली की शिपाई दर वर्षी वहिनीकडूनच नोटिशीची प्रत काढून न्यायचा. डाग तिला पाठ होता.

“शेठ, तुमचे डॉक्टर कचेरीत बसतात वाटतं?”

गोदामवाल्याने कान पकडले. “कचेरीच्या भंगारातनं उचलली, ताई. सरकारी माल म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, म्हणून डॉक्टर लावला.”

“अहो, खरं बोलला असतात तर तासाभरापूर्वीच घेतली असती!”

कागद निघाल्यावर पन्नासच्या पन्नास प्रती सरसर आल्या. मशीन टेम्पोत चढली. वाटेत दीर म्हणाला, “वहिनी, आता तोंड उघडू नका. त्या नोटिशीवरच आपली चूल पेटली.”

“पेटली ना. म्हणून काय त्या धापा मला ऐकू येत नव्हत्या?”

मशीन गाळ्यात लावून ती तडक तीन जिने चढली आणि तो कागद तिने तुमच्या टेबलावर पसरला, साहेब. तुम्ही वाचलात, चष्मा पुसलात, पुन्हा वाचलात आणि म्हणालात,

“अहो वहिनी, यात तुमचं तर भलंच झालं!”

“माझं झालं. लोकांचं काय झालं?” तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. “मशीन चांगली होती, साहेब, खणखणीत. ती बंद आहे म्हणून छापलं तेही तिच्यावरच. मग सहा वर्षं लोकांपासून ती झाकून का ठेवलीत? बोला. उत्तर घेतल्याशिवाय मी उठायची नाही.”