चौथ्या रिळातली कावीळ

चौथ्या रिळात नायिका पिवळी पडली आणि रंगवाल्याने यंत्र थांबवलं.

जुन्या चित्रपटांचे उडालेले रंग परत आणणं, हे त्याचं काम. तिसऱ्या रिळात बाई गुलाबी, पाचव्यात गुलाबी, मध्येच पिकल्या लिंबासारखी. साहेब म्हणाले, "लोकांना वाटेल नायिकाच बदलली. एकसारखी कर. उद्या बाई स्वतः बघायला येतायत. त्यांनी नाक मुरडलं तर चित्रपट गेला, आणि त्यामागोमाग तू."

एक गोष्ट खुपत होती. रीळ विटलं तर सगळंच विटायला हवं. इथे भिंत पांढरी, शेजारचं मांजर पांढरं. पिवळी फक्त बाई. पण मांजराचं ऐकतो कोण? त्याने बाईंचा चेहरा आणि हात तेवढे गुलाबी-गोरे केले, डोळे पांढरे.

दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. चौथं रीळ लागलं. रंगवाला पडदा सोडून त्यांच्या नाकाकडे बघत बसला. नाक मुरडलं नाही. काठी मात्र आपटली.

"माझी कावीळ कुठाय?"

साहेबांनी खुर्चीखाली बघितलं.

"अहो, अंगात कावीळ घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले मी! निर्माता माझा सख्खा दीर. म्हणे, वहिनी, नाटकं पुरे. अजून म्हणतो, कसली कावीळ! एवढा एकच पुरावा होता, तो ह्या पोराने धुऊन काढला!"

रंगवाल्याने मूळ प्रत लावली. पडद्यावरच्या बाई पिवळ्या पडल्या, तशा खुर्चीतल्या बाई खुलल्या.

"पण एकसारखं..." साहेब कण्हले.

"मग सगळ्याच रिळांत करा पिवळी. दीर रविवारी येतोय."

"उत्तम!" साहेबांचा जीव भांड्यात पडला.

दोघंही रंगवाल्याकडे बघू लागले. हो म्हटलं की नोकरी शाबूत.

"नाही जमणार, बाई. तिसऱ्या रिळात तुम्हाला कावीळ नव्हती."

"तू होतास तिथे?"

"मी नव्हतो. तुमचे डोळे होते, पांढरे. आणि सगळीकडे पिवळं केलं तर दीर म्हणतील, रीळच विटलंय. एकाच रिळात तुम्ही पिवळ्या आणि शेजारी मांजर पांढरं, मग काय बोलतील?"

बाईंनी काठी पडद्यावरच्या मांजराकडे रोखली. साहेब नख खात होते.

"मांजर नीट दिसेल ना?"

"अगदी शुभ्र."

"मग राहू दे आहे तसंच." त्या साहेबांकडे वळल्या. "आणि ह्याला काढू नका. निदान रविवारपर्यंत."

सगळे गेल्यावर रंगवाल्याने मांजर मोठं करून पुन्हा तपासलं.

डाव्या कानापाशी ते किंचित पिवळं वाटत होतं.