हदगावच्या इन्व्हर्टरने उबवलेली अंडी

मी हदगावच्या सरजाबाईंच्या ओसरीवरचा एक जुना इन्व्हर्टर आहे. माझं सगळं आयुष्य दोन विजांच्या मध्यस्थीत गेलं.

मित्रांनो, बॅटरीतली डीसी सरळमार्गी असते. निघाली की एकाच दिशेने चालते, आणि साठवून ठेवता येते. तारांतून येणारी एसी सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झुलते. एवढी धरसोड माणसाने केली असती तर त्याचं लग्न जमलं नसतं. पण तिचा दाब डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सहज चढवता-उतरवता येतो, म्हणून ती कुठून कुठून गावात पोहोचते. मला दोघीही थोर वाटतात. लाइट गेली की मी डीसीला झुलायला शिकवतो आणि एसी करून घराला देतो.

यंदा सूनबाई तनुजाने अंडी उबवायचं यंत्र आणलं. साठ गावरान अंडी, एकवीस दिवस. "पिल्लं न्हाई निघाली तर गुमान शिवणयंत्रावर बसायचं," असं सासूने बजावलं होतं.

मधेच खंडेनवमी आली. सरजाबाईंनी अवजारांबरोबर मलाही हळदकुंकू लावलं, आणि बॅटरीची बुचं उघडून माहूरचं तीर्थ ओतलं. श्रद्धा अफाट होती. बॅटरी मात्र आठवड्यात बसली.

विसाव्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. मी दोन मिनिटं गुणगुणलो आणि मान टाकली.

"आत्याबाई, अंडी थंड होऊन राहिलीत!"

"मग ट्रॅक्टरची बॅटरी काढ. लाव थेट यंत्राला. करंट तो करंट!"

"न्हाई चालत. ती बारा व्होल्टची डीसी. यंत्राला एसी लागती, दोनशे तीसची. ह्या म्हाताऱ्याच्या हातूनच जावं लागतंय."

"म्हाताऱ्याला जमंल का?"

"तीर्थ पाजू नका, समदं जमतंय."

तनुजाने पाना घेतला, ट्रॅक्टरची बॅटरी सोडवली आणि कमरेवर घागरीसारखी घेऊन आली. लाल तार अधिकला, काळी उण्याला. माझ्या अंगात जीव आला. लाइट येईपर्यंत तीन तास मी डीसीला झुलवत राहिलो. इतकं मन लावून मी टीव्हीसुद्धा कधी चालवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कवचं तडकली. बावन्न पिल्लं! सरजाबाईंनी स्वतः शिवणयंत्र सरकवून खुराड्याला जागा केली.

मित्रांनो, बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. पूजा लांबूनच करा. आता माझ्यावर घरची जबाबदारी आहे. एक पिल्लू रोज माझ्या गुणगुणीला टेकून झोपतं. त्याची समजूत आहे की मी त्याची आई आहे, आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही.