मॅग्नेटवरचा काळा डाग

मी एक जुना मॅग्नेट आहे. फ्रिजच्या दाराला चिकटवतात तो नव्हे, आणि शाळेत लोखंडाचा कीस उचलायला देतात तोही नव्हे. मी औषधाच्या कॅप्सूलएवढा आहे. आत चुंबकाचा तुकडा आणि वर पांढरं, गुळगुळीत टेफ्लॉन, तुमच्या घरातल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. परभणीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथल्या तिसऱ्या टेबलाच्या खणात मी राहतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेले बहुतेक जण आपली थोरवी सांगतात. माझ्यापाशी थोरवी नाही. एका गुणी मुलीच्या कामाची माती माझ्यामुळं झाली, तेवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेकडो भावंडांसोबत एका पिशवीत बसून मी इथं आलो. माझं काम सोपं. काचेच्या गोल फ्लास्कमध्ये मला टाकतात, फ्लास्क एका यंत्रावर ठेवतात, यंत्राच्या पोटातलं चुंबक फिरू लागलं की मीही गरगर फिरतो आणि फ्लास्कमधलं सगळं ढवळून निघतं. नागनाथकाका मला भोवराच म्हणतात.

नागनाथकाका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. रोज सकाळी पेडगावहून येतात, सत्तावीस वर्षं झाली. त्यांनी धुतलेलं भांडं पुन्हा कुणी निरखून बघत नाही. काच धुताना ते तिच्याशी बोलतातसुद्धा. माणूस भोळा, हात मात्र जादूचा.

पहिली काही वर्षं मी पांढराशुभ्र होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. मग माझ्या वाट्याला सुगत आला. सुगत संशोधक विद्यार्थी, हुशार पण घाईचा. पॅलॅडियम नावाच्या महागड्या धातूची काळी भुकटी तो कामात वापरायचा. तीन वर्षं त्यानं मला त्या भुकटीत फिरवलं. माझ्या अंगावर चरे पडले, चऱ्यांत ती भुकटी बसली आणि मी तव्याच्या बुडासारखा काळपट झालो. सुगत मला पाण्याखाली धरून खणात टाकायचा. त्याचं काम झालं, त्याला हैदराबादेत नोकरी लागली आणि तो गेला. मी तसाच राहिलो. माझ्या अंगावर काय आहे ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

मग शिवरंजनी आली.

ती वालूरची. वडील लिंगराज, त्यांचं तिथं किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची बारीक रेघ, आणि हातात कायम वही. बांधावरच्या एका कडू वेलीत एक द्रव्य असतं, ते पानांवर शिंपडलं तर अळी पान खात नाही, असं तिला आढळलं होतं. पण वेलीत ते चिमूटभर, आणि तेवढ्यासाठी शंभर वेली उपटाव्या लागायच्या. म्हणून तो रेणू तिला प्रयोगशाळेत बांधायचा होता, साध्या द्रव्यांपासून, एकेक पायरी चढत. पायऱ्या होत्या चौदा. दहा पायऱ्या ती झपाट्यानं चढली आणि अकरावीवर अडली.

अकरावी पायरी होती ऑक्सिडीकरणाची. चिरलेलं वांगं काळं पडतं, पावसात राहिलेला विळा गंजतो, ते हवेतल्या ऑक्सिजनचंच काम. पण इथली गोष्ट नाजूक होती. त्या रेणूवर जवळजवळ सारख्याच दोन जागा होत्या. ऑक्सिजननं एकाच जागेला हात लावायचा, दुसरीला नाही. आणि त्या एका जागीही अर्ध्यावर थांबायचं, पुढं गेलं की सगळं आम्ल होऊन वाया. नागनाथकाकांना ती समजावून सांगायची, काका, हे हुरड्यावानी हाय. कणीस भाजलं पायजे, जळालं न्हाई पायजे, आन शेजारचं कणीस तर कच्चंच राहिलं पायजे. काका मान हलवायचे आणि म्हणायचे, मंग अवघडच हाय की ताई.

जुनी औषधं दोन्ही जागा खाऊन टाकायची. महागडे धातू वापरून ती पायरी चढता येते हे दुसऱ्या कुणी आधीच दाखवलेलं होतं. शिवरंजनीचा हट्ट असा की महाग धातू वापरायचाच नाही. एक साधं, स्वस्त मदतनीस द्रव्य आणि हवा, बस. दीड वर्ष तिला जमलं नाही. एके दिवशी तिचे नेहमीचे मॅग्नेट दुसऱ्या फ्लास्कांत अडकले होते, म्हणून तिनं खणातून मला उचललं. माझा काळा रंग बघून नाक मुरडलं, साबणानं धुतलं, ॲसिटोननं पुसलं. डाग हलला नाही. जाऊ दे, म्हणाली, आणि मला फ्लास्कमध्ये सोडलं.

दोन तासांनी तिनं फ्लास्कमधला थेंब तपासणीच्या पट्टीवर टेकवला, द्रव्यं वेगळी होऊ दिली आणि पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली. मूळ द्रव्याचा जुना ठिपका नाहीसा झाला होता. त्याच्या वर एकच नवा, गोल, स्वच्छ ठिपका होता. एका जागेवर ऑक्सिजन बसला होता, दुसरी शाबूत होती. ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. नागनाथकाकांनी घाबरून विचारलं, भाजलं का काय ताई? तिनं नुसती मान हलवली.

त्यानंतर तिनं तोच प्रयोग आणखी सहा वेळा केला. सहाही वेळा जमला, आणि सहाही वेळा तिनं मलाच उचललं. तुम्ही परीक्षेला ठरलेलं पेन नेता ना, तसं. वहीत तिनं सगळं लिहिलं, किती थेंब, किती अंश, किती वेळ. माझ्यापुरतं एवढंच लिहिलं की मॅग्नेटनं ढवळलं.

मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मला कळायला हवं होतं. काम करत होती ती सुगतची भुकटी. माझ्या चऱ्यांत बसलेले पॅलॅडियमचे कण हवेतला ऑक्सिजन नेमक्या जागी नेऊन बसवत होते. महाग धातूशिवाय केलं म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, त्यात महाग धातू माझ्या अंगावर बसून फिरत होता. पण कौतुक कुणाला नको असतं? मला वाटलं, आपल्याशिवाय या पोरीचं पान हलत नाही. मी फुगलो होतो.

तिचे मार्गदर्शक डॉ. तात्याराव. कडक माणूस, पण त्या दिवसांत तेही हसत होते. शोधनिबंध छापून आला. वालूरच्या दुकानात लिंगराज गिऱ्हाइकाला साखर बांधता बांधता सांगायचे म्हणे, आमच्या रंजीनं पिकाचं औषध काढलंय. मग बाहेरच्या विद्यापीठातल्या एका तज्ज्ञांचं पत्र आलं. आम्ही करून पाहिलं, आम्हाला जमलं नाही, मी परभणीला येतो, माझ्यासमोर एकदा करून दाखवा. सर म्हणाले, या की.

पाहुणे येणार म्हटल्यावर नागनाथकाकांनी प्रयोगशाळा धुऊन काढली. टेबलं पुसली, नळ चमकवले. खणात त्यांना मी दिसलो. ताईचा लाडका भोवरा, आणि हा असा काळाकुट्ट? कुणाला न विचारता त्यांनी मला आम्लराजात सोडलं. आम्लराज म्हणजे दोन जहाल आम्लांचं मिश्रण, सोन्यालाही विरघळवतं. दोन दिवस मी त्यात पडून होतो. पहिल्या दिवशी माझ्याभोवतीचं आम्ल तपकिरी झालं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते बदललं. बाहेर काढलं तेव्हा मी जन्माच्या वेळी होतो तसा पांढरा होतो. आणि लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला होता.

पाहुण्यांसमोर शिवरंजनीनं प्रयोग मांडला. मला उचलताना तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, तिनं माझ्याकडं नीट पाहिलंच नाही. मी जीव तोडून फिरलो. दोन तासांनी पट्टीवर जुनाच ठिपका. तीन तासांनी जुनाच ठिपका. चार तासांनी तात्यारावसर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाहुणे भले गृहस्थ, कधीकधी होतं असं, म्हणाले, आणि तिची वही मागून घेतली. एकेक पान त्यांनी शेवटपर्यंत उलटून पाहिलं.

पुढच्या दोन महिन्यांत तिनं तो प्रयोग नऊ वेळा केला. नवी रसायनं, नवे फ्लास्क, नवी हवेची नळी. सगळं बदलून पाहिलं, मला मात्र बदललं नाही, कारण माझ्यावर तिचा विश्वास होता. नऊ वेळा काहीच झालं नाही. तिनं डबा आणणं सोडलं. कपाळावरची भस्माची रेघ कधी असायची, कधी नसायची. वालूरला जाणंही तिनं बंद केलं.

शेवटी एक दिवस सरांनी तिला टेबलापाशी उभं केलं. आवाज चढवला नाही. हळूच विचारलं,

"शिवरंजनी, खरं सांग. आधीचे आकडे खरे आहेत ना?"

तिचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "सर, सात वेळा झालं होतं."

सर निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर फ्लास्कच्या तळाशी बसला होता, आणि त्याला तोंड नव्हतं.

त्या दुपारी ती मोबाइलमधले जुने फोटो बघत बसली. पहिल्यांदा जमलं त्या दिवशीचा फ्लास्क तिनं हौसेनं टिपला होता. तो फोटो तिनं मोठा केला, आणखी मोठा केला. तळाशी मी दिसत होतो, काळाकुट्ट. तिनं मला खणातून काढून मोबाइलशेजारी ठेवलं. मग हाक मारली. नागनाथकाका हात पुसत आले.

"काका, ह्यो भोवरा कुणी धुतला?"

"म्याच की. लय काळा झालता. पाव्हण्यापुढं तसला कसा ठेवायचा? दोन दिस आम्लराजात बुडवला. आता बघा, दुधावानी झालाय."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. काकांचा चेहरा उजळला होता, शाबासकीची वाट बघत होता. आपल्या ताईचं काम कशानं बिघडलं म्हणून दोन महिने त्यांनाही जेवण गोड लागत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"लय चांगलं केलं काका," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं मला मुठीत धरलं. मग ती उठली, हे टेबल आधी सुगतचं होतं हे आठवून कपाटातली त्याची जुनी बाटली शोधली, काळी भुकटी अगदी नखावर घेतली आणि प्रयोग मांडला. दोन तासांत पट्टीवर एकच स्वच्छ ठिपका उमटला. या वेळी ती रडली नाही. वहीत लिहिलं, आधीच्या सातही वेळा मॅग्नेटवर पॅलॅडियम होतं, त्याची नोंद मी केली नव्हती, चूक माझी.

तिनं खोटं लिहिलं नव्हतं हे सरांना पटलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. पण पॅलॅडियमनं ती पायरी चढता येते हे जगाला आधीच माहीत होतं. तिचं असं त्यात काही उरलं नाही, आणि एवढ्या महाग धातूनं बनवलेलं औषध शेतकऱ्याला परवडणारंही नव्हतं. शोधनिबंध मागं घ्यावा लागला. चौदा पायऱ्यांचा प्रबंध दहा पायऱ्यांवर थांबला, आणि तेवढ्यावर पदवी मिळत नाही.

वही मिटताना सरांनी विचारलं, पण मॅग्नेट मधेच इतका स्वच्छ कसा झाला? न विचारता कुणी धुतला? दारापाशी नागनाथकाका फरशी पुसत होते. विद्यार्थ्यांच्या सामानाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा सरांचाच नियम होता. पण शिवरंजनी नियमाचा विचार करत नव्हती. ती काकांकडं बघत होती.

"मीच, सर," ती म्हणाली.

मित्रांनो, पाच वर्षांत ती त्या खोलीत एकदाच खोटं बोलली, आणि तेव्हा सरांनी तिच्यावर चटकन विश्वास ठेवला.

आता ती सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते असं ऐकतो. अकरावी पायरी तशीच राहिली आहे. बांधावरची वेल आहे तिथंच आहे.

मला धुऊ नका असं मी म्हणत नाही. स्वच्छता चांगलीच. पण जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा ती आधी कुणाकडं होती, कशात बुडाली होती, तिच्या चऱ्यांत काय बसलंय, हे विचारा आणि लिहून ठेवा. मग खुशाल धुवा. सुगतनं एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. आम्हा वस्तूंना आठवण असते, पण सांगता येत नाही.

नागनाथकाकांना यातलं काहीच माहीत नाही. दर शनिवारी ते मला खणातून काढतात, आम्लराजात बुडवतात, नळाखाली धुतात, सदऱ्याच्या टोकाला पुसून उजेडात धरतात. नवीन आलेल्या अर्पिताला परवा सांगत होते, आमच्या शिवरंजनीताईचा भोवरा हाय ह्यो, त्या परत आल्या की लागंल, म्हणून म्या जपून ठेवलाय, एक डाग पडू देत न्हाई.